मेडिकल ह्युमॅनिटीजमध्ये रिसर्च करायचाय, पण पैसे कुठून उभे करायचे? माझा अनुभव

मागच्या महिन्याभरात तीन-चार जणींनी हाच प्रश्न विचारला म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. मेडिकल ह्युमॅनिटीज म्हणजे आजार आणि उपचार यांच्याकडे इतिहास, समाजशास्त्र अशा विषयांच्या नजरेतून बघणं. माझा पीएचडीचा विषय १८९७ चा पुण्यातला प्लेग. रँड, चाफेकर हे आपण शाळेत शिकलोय, ते नाही. सोजीर घर तपासून माणूस उचलून न्यायचे, त्यानंतर त्या घराचं काय व्हायचं, दुखणं का लपवलं जायचं, हॉस्पिटल म्हटलं की लोकांच्या पोटात गोळा का यायचा, हे मला शोधायचंय. त्याच साथीत १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई गेल्या, रुग्णांची सेवा करता करता. हे वाचलं तेव्हापासून हा विषय डोक्यातून गेलेला नाही.

आता यात इतिहास आहे, वैद्यक आहे, समाजशास्त्र आहे, आणि पैशाची अडचण नेमकी इथेच सुरू होते, कारण आपल्याकडे फॉर्मवर मेडिकल ह्युमॅनिटीज नावाचा रकानाच नसतो. नेटला, म्हणजे प्राध्यापकी आणि फेलोशिपसाठीच्या यूजीसीच्या परीक्षेला, हा विषय नाही, मी ती इतिहासातून दिली. एका इंटरव्ह्यूत मला सरळ विचारलं की हे मेडिकलवाल्यांचं काम आहे ना, इथे कशाला आलात? दुसरीकडे म्हणाले इतिहास खात्याकडे जा. खूप वाईट वाटलं तेव्हा, पण त्यातून एक गोष्ट पक्की कळली, ती म्हणजे देणाऱ्याला आपल्या क्षेत्राचं नाव नको असतं, त्याच्या योजनेत बसणारा प्रश्न हवा असतो. म्हणून आयसीएचआरला, म्हणजे इतिहास संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्राच्या परिषदेला, लिहिताना मी कागदपत्रं, अभिलेखागार, वसाहतकाळातलं प्लेग प्रशासन हे पुढे आणलं आणि आयसीएसएसआरला, म्हणजे समाजशास्त्रांसाठीच्या तशाच परिषदेला, लिहिताना सार्वजनिक आरोग्य आणि लोकांचा सरकारवरचा विश्वास. यात खोटेपणा काही नाही, प्रश्न तोच असतो, फक्त आत शिरायचं दार वेगळं.

पोटापाण्याचा पाया म्हणजे जेआरएफ, नेटमधून मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप. जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि पुढे एसआरएफ (सीनियर फेलोशिप) झालं की ४२,०००, वर एचआरए म्हणजे घरभाडं भत्ता. पण ह्युमॅनिटीजला काँटिजन्सी, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम, पहिल्या दोन वर्षांत वर्षाला फक्त १०,००० असते, आणि मुंबईत राहून फायली बघायच्या तर ती किती पुरणार तुम्हीच सांगा. जेआरएफ नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप बघा, ज्याच्या त्याच्या प्रवर्गाप्रमाणे. आणि कुठलीही फेलोशिप असो, पैसे दर महिन्याला वेळेवर येतील असं धरून चालू नका. माझे एकदा सात महिन्यांचे एकदम आले, तोवर घरभाडं बहिणीने भरलं.

मुंबईत काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे मी पहिल्यांदा प्लेगची फाईल उघडली तेव्हा कडा हातातच सुटत होत्या. एका अर्जावर इंग्रजीत दोन ओळींचा गोषवारा होता आणि मागे मूळ अर्ज, मोडीत, चार पानं. त्या दोन ओळींत अर्जदार बाईचं नावही नव्हतं. मला तेव्हा मोडी येत नव्हती. तिथेच बसून वहीत लिहिलं, बजेटमध्ये मोडी वाचून देणाऱ्याचं मानधन. पुढच्या प्रपोजलमध्ये मी या चार पानांबद्दल आणि दोन ओळींबद्दल लिहिलं, पैसे नक्की कशाला हवेत ते समितीला लगेच कळलं आणि माझा प्रवास-अभ्यासाचा ग्रँट त्यावरच मंजूर झाला असं मला आजही वाटतं. नुसतं प्रवास, झेरॉक्स, इतर असं मोघम लिहू नका. किती दिवसांचा मुक्काम, किती फायली, कोणाला किती मानधन, सगळं मांडा.

परदेशातल्या पैशाचं म्हणाल तर या क्षेत्रात सगळ्यात आधी नाव येतं लंडनच्या वेलकम ट्रस्टचं. १९३६ पासूनची संस्था, आणि औषधविज्ञानासोबत इतिहास, समाजशास्त्र यांनाही मोठा पैसा देणारी. पण त्यांच्या बऱ्याच मोठ्या योजनांत अर्ज करणारी संस्था भारतातली चालत नाही, नियमांत भारत आणि चीन स्पष्ट वगळलेले असतात. मी तीन आठवडे अर्ज लिहिल्यावर ती ओळ वाचली. पात्रतेचं पान आधी वाचा, कळकळीने सांगते. तिकडच्या विद्यापीठातून पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधन, करायचं असेल तर गोष्ट वेगळी. थोड्या मुदतीसाठी ब्रिटिश लायब्ररीत कागद बघायला जायचं तर चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट बघा, आणि सोसायटी फॉर द सोशल हिस्टरी ऑफ मेडिसिनचे विद्यार्थी सभासद झालात तर कॉन्फरन्सला जायला छोटी मदत मिळू शकते.

आणि खरं तर जाण्याआधी घरी बसून खूप होतं. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडने ब्रिटिश भारतातले वैद्यकीय अहवाल स्कॅन करून फुकट ठेवलेत, ते काम वेलकमच्याच पैशातून झालं. वेलकम कलेक्शनमध्ये मुंबईच्या प्लेगचे फोटो आहेत. हे आधी बघून मग प्रपोजलमध्ये लिहा की एवढं ऑनलाईन बघून झालंय, उरलेल्यासाठी पैसे द्या. समितीचा भरवसा बसतो.

ज्यांना जिवंत माणसांशी बोलायचंय, म्हणजे पेशंट, नर्स, आशाताई, त्यांनी एथिक्स कमिटीचा, म्हणजे अशा संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीचा, वेळ धरा. आयसीएमआरची (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सामाजिक संशोधनालाही लागू आहेत, नुसत्या मुलाखती आहेत म्हणून सूट मिळत नाही. माझ्या मैत्रिणीची परवानगी यायला पाच महिने लागले आणि ग्रँट एक वर्षाचा होता.

शेवटचं, हिशोब. ग्रँटचा दुसरा हप्ता युटिलायझेशन सर्टिफिकेट, म्हणजे आधीचे पैसे कसे खर्च झाले त्याचा दाखला, दिल्याशिवाय सुटत नाही. बसची तिकिटं पुसट होतात म्हणून त्याच दिवशी फोटो काढा आणि कोऱ्या कागदावर तारखेने चिकटवा. माझा हप्ता अडकला तो मोडीवाल्या काकांच्या पावतीमुळे, त्यांनी साध्या कागदावर सही दिली होती. पाच हजारांवर रोख मानधन दिलंत तर पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टँप लावून त्यावर सही घ्या, स्टँप पोस्टात मिळतो.