बंबाचा धूर वर्गात कसा शिकवावा

घरातील उष्णतेसाठी जे जाळले जाते त्यामुळे हवा कशी बिघडते, या विषयावरचे बाहेरचे शैक्षणिक साहित्य पाहिले की त्यात बर्फाळ देशांतील दिवाणखाने आणि कोळशाच्या शेगड्या भेटतात. कोल्हापुरात खोली तापवण्याची वेळ क्वचितच येते; येथे तापते ते आंघोळीचे पाणी. दिवाळीनंतर पहाटे परड्यात तांब्याचा बंब पेटतो, नाहीतर न्हाणीच्या कोपऱ्यातील चुलवणावर हंडा चढतो आणि घरी बाळंतीण असेल तर खोलीत निखाऱ्यांची शेगडी येते. अनेक घरांत आता गॅसचा गिझर किंवा छतावरचा सौर बंब आला आहे. तरीही पेठांतील जुन्या घरांत आणि करवीर तालुक्यातील गावांत जळणाचा ढीग अजून दिसतो. म्हणून धडा बंबापासून सुरू करावा. पुढील मांडणी सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी असून तिला पाच-सहा तासिका लागतात. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून संक्रांतीपर्यंतचा काळ तिला सर्वांत सोयीचा, कारण तेव्हा धूर दिसतो आणि पाऊस आड येत नाही.

आधी एक खबरदारी

हा विषय मी पहिल्यांदा शिकवला तेव्हा मुलांकडून घरच्या जळणाची माहिती मागवली आणि ती नावानिशी तक्त्यावर लिहून भिंतीवर लावली. तक्ता उत्तम दिसत होता. दुसऱ्या दिवशी एका मुलीने आपल्या नावापुढचे ‘शेणी आणि चिपाडे’ खोडून ‘गिझर’ असे लिहिले होते. तिच्या घरी गिझर नव्हता, हे वर्गातील सर्वांना ठाऊक होते. तिने काही खोटेपणा केला असे मला आजही वाटत नाही. चूक माझी होती, कारण घराची ऐपत मी भिंतीवर टांगली होती.

तेव्हापासून दोन नियम पाळतो. घरची माहिती नेहमी बिननावाच्या चिठ्ठ्यांवर घ्यावी आणि वर्गात फक्त एकूण बेरीज मांडावी. दुसरा नियम असा, की मुलाला घरी जाऊन कोणाला दोष द्यायला लावू नये. जी आजी पहाटे पाचला उठून सगळ्या घराचे पाणी तापवते, तिला ‘तू प्रदूषण करतेस’ असे नातवाने सांगितल्यास ती दुखावते आणि धडा तेथेच संपतो. उलट, ‘आज्जी, कोणतं लाकूड जास्त धुरतं?’ असे त्याने विचारावे. या विषयातील सर्वांत अनुभवी व्यक्ती तीच आहे आणि धूर सर्वांत जास्त तिच्याच छातीत गेलेला आहे.

पहिली तासिका : काजळी कोठून येते

बहुतेक मुलांना काजळी ठाऊक असते, परंतु ती ज्योतीतून येते हे त्यांनी नीट पाहिलेले नसते. शिक्षकाने मेणबत्ती लावून तिच्या पिवळ्या ज्योतीत स्टीलची बशी चिमट्याने क्षणभर धरावी. बशीवर काळा डाग उमटतो. नंतर ती ज्योतीच्या बरीच वर धरावी. तेथे डाग फारसा पडत नाही. जळणाला हवा आणि उष्णता पुरेशी मिळाली, तर कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि हायड्रोजनचे पाणी होते. हवा कमी पडली किंवा मध्येच थंड वस्तू आडवी आली, तर कार्बनचे कण अर्धवट राहतात आणि त्यांच्यासोबत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही निर्माण होतो. बंबाच्या नळीत नेमके हेच घडते. मधल्या नळीभोवती थंड पाणी असते, खालच्या जाळीवर राख साचलेली असते आणि वरून कोणीतरी ओली ढलपी टाकलेली असते.

आता कणांच्या आकाराचा मुद्दा घ्यावा. माणसाचा केस साधारण 50 ते 70 मायक्रोमीटर जाड असतो. पीएम 2.5 म्हणजे 2.5 मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान व्यासाचे कण, अर्थात केसाच्या जाडीत असे वीस-पंचवीस कण शेजारी-शेजारी मावतात. नाकातील केस आणि शेंबूड मोठी धूळ अडवतात. हे कण त्यांना चुकवून फुफ्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. येथे ‘शेंबूड’ हा शब्द उच्चारण्यास शिक्षकाने संकोच करू नये. चुलीपुढे बसल्यावर तो काळा का येतो, हे मुले स्वतःच सांगू लागतात.

व्हॅसलीन लावलेली पांढरी कार्डे बंबाजवळ, स्वयंपाकघरात आणि गच्चीवर तीन दिवस टांगून भिंगाखाली पाहण्याचा प्रयोग लोकप्रिय आहे आणि तो करण्यास हरकत नाही. मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगावी : भिंगातून दिसते ती जाड धूळ आणि काजळीचे पुंजके. सर्वाधिक घातक कण भिंगाला दिसत नाहीत, त्यामुळे कार्ड स्वच्छ आहे म्हणून हवा स्वच्छ आहे, असा निष्कर्ष मुलांनी काढू नये.

ओल्या लाकडाचे गणित

माझ्या मते संपूर्ण विषयाचा गाभा येथे आहे, म्हणून यासाठी दोन तासिका राखून ठेवाव्यात. या प्रयोगाला विस्तव लागत नाही, ही त्याची आणखी एक सोय.

मुलांनी ताज्या तोडलेल्या फांदीचा हातभर तुकडा आणावा, किराणा दुकानातील किंवा प्रयोगशाळेतील काट्यावर त्याचे वजन करावे आणि तो शाळेच्या गच्चीवर उन्हात ठेवावा. दर दोन दिवसांनी वजन करून आलेख काढावा. ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मे पाणी असू शकते, हे वाक्य पुस्तकात वाचणे वेगळे आणि आपला तुकडा आठवड्यात हलका झालेला हातात घेणे वेगळे. त्यानंतर प्रश्न विचारावा : हे पाणी बंबात गेले असते, तर ते कोणी उकळवले असते? एक किलो पाण्याची वाफ करण्यास, ते उकळत्या तापमानाला पोहोचल्यानंतरही, सुमारे 2,260 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणजे ओले जळण आधी स्वतःला वाळवते आणि मग उरलेल्या उष्णतेत आपले पाणी तापवते. त्यात आग थंडावते आणि धूर वाढतो.

याला जोडून आंघोळीच्या बादलीचे गणित सोडवावे. 20 लिटर पाणी 20 अंशांपासून 45 अंश सेल्सिअसपर्यंत न्यायचे असल्यास 20 × 25 × 4.2, म्हणजे 2,100 किलोज्यूल उष्णता लागते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत अंदाजे 16,000 किलोज्यूल उष्णता असते. सगळी उष्णता पाण्याला मिळाली, तर 130 ग्रॅम लाकूड पुरायला हवे. घरी प्रत्यक्ष वजन करून आणलेला आकडा याच्या कितीतरी पट निघतो आणि वर्गात गलका होतो. तो होऊ द्यावा. उरलेली उष्णता कोठे गेली, याची उत्तरे मुलांकडूनच येतात : धुराबरोबर वर गेली, बंबाच्या अंगावरून हवेत गेली, लाकडातील पाणी उकळण्यात गेली. हीच बादली विजेवर तापवल्यास 0.6 युनिटच्या आसपास वीज लागते, हेही त्याच फळ्यावर लिहावे, म्हणजे लाईटबिलाचा विषय मुले आपणहून काढतात.

एका वर्षी याच तासिकेला विद्यार्थ्यांपैकी एकाच्या आजी वर्गात आल्या होत्या. त्यांच्यासमोर दोन बंबफोडी, म्हणजे बंबासाठी फोडलेली लाकडे, ठेवल्या. त्यांनी दोन्ही एकमेकींवर आपटून आवाज ऐकला आणि बोदा आवाज करणारी बाजूला सारली. “पेटवल्यावर हिच्या टोकाला फेस येतोय बघा. फेस आला की समजायचं, लाकूड अजून वाळायचं हाय.” तो फेस म्हणजे लाकडाच्या नळ्यांतून टोकाशी बाहेर पडणारे पाणी आणि वाफ, एवढीच भर मला घालावी लागली.

धुराची वही

प्रत्येक मुलाने सात दिवस एक छोटी नोंद ठेवावी : जळण कोणते, पेटवण्यासाठी काय वापरले, धूर किती मिनिटे दिसला, त्याचा रंग कसा होता आणि तेव्हा जवळ कोण बसले होते. धुराचा गडदपणा नोंदवण्यासाठी पट्टी वर्गातच तयार करता येते. मॅक्सिमिलियन रिंगेलमन या फ्रेंच अभियंत्याने 1888 मध्ये काळ्या रेषांच्या जाळीचे तक्ते तयार केले होते. त्यांत दर पायरीला काळेपणा 20 टक्क्यांनी वाढत जातो. चौकटीच्या कागदावर शंभर चौकोन घेऊन त्यांपैकी 20, 40, 60 आणि 80 चौकोन काळे केले आणि तो कागद लांब धरून पाहिला, तर तशीच पट्टी मिळते. पांढरट धूर या पट्टीवर बसत नाही, म्हणून तो ‘पांढरा’ असाच नोंदवावा; त्यात वाफेबरोबर लाकडातून निघालेली, न जळलेली द्रव्येही असतात.

आठवड्याच्या नोंदी एकत्र केल्या की दाट धूर मुख्यतः पेटवतानाच्या पहिल्या काही मिनिटांत आणि नंतर ओले जळण टाकताना निघतो, हे लक्षात येते. पेटवण्यासाठी काय वापरले, या रकान्यात प्लास्टिकची पिशवी, दुधाची रिकामी पिशवी, जुन्या चपलेचा तुकडा असे शब्द सापडतात. येथे मात्र शिक्षकाने सौम्य राहू नये. पीव्हीसीसारखे क्लोरिनयुक्त प्लास्टिक जाळल्यास डायॉक्सिन ही अत्यंत विषारी द्रव्ये तयार होऊ शकतात आणि घरात कोणते प्लास्टिक कोणते, हे ओळखत बसण्यात अर्थ नाही. कोणतेच जाळू नये. करवंटी, वाळलेली चिपाडे किंवा बारीक काटक्या तेच काम करतात. प्लास्टिक वर्गात जाळून दाखवण्याचा मोह टाळावा, विशेषतः वर्गात कोणाला दमा असेल तर.

‘जवळ कोण बसले होते’ हा रकाना सर्वांत शेवटी वाचावा. तेथे बहुतेक वेळा आई, आजी आणि कडेवरचे लहान मूल असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2020 मध्ये घरातील धुरामुळे जगभरात सुमारे 32 लाख मृत्यू झाले आणि त्यांत पाच वर्षांखालील 2 लाख 37 हजारांहून अधिक मुले होती. हा आकडा भीती घालण्यासाठी सांगू नये; रकाना वाचून झाल्यावर तो एकदाच सांगावा आणि पुढे जावे.

धूर खाली का बसतो

सकाळी सातच्या सुमारास वर्गाला गच्चीवर न्यावे आणि दहा वाजता पुन्हा न्यावे. थंडीत पंचगंगेच्या बाजूला घरांच्या वर धुराचा सपाट पट्टा अनेकदा दिसतो. तो जणू एखाद्या झाकणाला टेकलेला असतो. रात्री जमीन थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड आणि जड होते आणि वर तुलनेने उबदार हवा राहते, त्यामुळे धूर वर जात नाही. ऊन चढले की हा पट्टा विरतो. नदीवरचे धुके वेगळे आणि धूर वेगळा, हे मात्र बजावावे. मुले दोन्ही एकच समजतात. वर्गात दोन सारख्या बाटल्या घ्याव्यात, एकीत लाल रंगाचे गरम पाणी आणि दुसरीत निळे थंड पाणी भरावे आणि गरम पाण्याची बाटली पुठ्ठ्याचे झाकण देऊन थंड बाटलीवर उलटी ठेवून पुठ्ठा ओढून घ्यावा. रंग बराच वेळ वेगळे राहतात. बाटल्यांची जागा बदलली की क्षणात जांभळे पाणी होते.

डिसेंबर 1952 मध्ये लंडनवर असाच थर पाच दिवस बसला होता आणि खाली लाखो घरांत कोळसा जळत होता. त्यात हजारो माणसे मेली आणि 1956 मध्ये ब्रिटनला स्वच्छ हवेचा कायदा करावा लागला. दहा मिनिटांत एवढे सांगून व्हावे.

हवा मानकापेक्षा खराब असलेल्या शहरांसाठी 2019 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात कोल्हापूरही आहे, हे कळल्यावर मुले दोष वाहनांवर आणि गुऱ्हाळांवर ढकलतात. त्यात तथ्य आहे, पण हवा मोजणारे यंत्र चौकात असते आणि फुंकणी घेऊन बसलेली बाई बंबापासून हातभर अंतरावर. भारतीय मानकानुसार पीएम 2.5 चे चोवीस तासांचे प्रमाण घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. जागतिक आरोग्य संघटना 15 सांगते. कोंदट न्हाणीतील धूर या दोन्हींच्या कितीतरी वर जाऊ शकतो.

न दिसणारा वायू

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. दारे-खिडक्या लावून बाळंतिणीच्या खोलीत ठेवलेली शेगडी आणि खिडकी नसलेल्या बाथरूममधील गॅस गिझर, या दोन्ही ठिकाणी धूर दिसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. डोके दुखणे, मळमळणे, गुंगी येणे ही लक्षणे मुलांकडून तोंडपाठ करून घ्यावीत. असे झाल्यास आधी बाहेर पडावे, दार उघडे टाकावे, मोठ्यांना हाक मारावी आणि दवाखाना गाठावा. पाठांतराचा मी एरवी विरोधक आहे, येथे नाही.

शेवटची तासिका

मुलांनी घरी करण्याची कामे पैसे न लागणारी असावीत : जळण पावसाळ्याआधी फोडून पत्र्याखाली हवेशीर रचणे, बंबफोडी मनगटापेक्षा बारीक ठेवणे, पेटवण्यापूर्वी जाळीखालची राख काढणे, हंड्यावर झाकण ठेवणे, धुराडे दर महिन्याला झटकणे आणि पेटवताना लहान मुलाला धुरापासून दूर घेऊन जाणे. यांपैकी एकच काम मुलाने घरच्यांना विचारून निवडावे.

परीक्षेत ‘धुराचे दुष्परिणाम लिहा’ असा प्रश्न घालू नये. त्याचे उत्तर धडा न शिकवताही येते. मी पुढील प्रश्न देतो : एकाच बंबाला सोमवारी बारा मिनिटे दाट धूर आला आणि गुरुवारी चार मिनिटे, घरात काय बदलले असेल, याच्या तीन शक्यता लिहा आणि प्रत्येक शक्यता कशी तपासाल ते सांगा. संक्रांतीनंतर वही पुन्हा सात दिवस भरून घ्यावी आणि पहिल्या आठवड्याची मिनिटे दुसऱ्या आठवड्याच्या मिनिटांशेजारी मुलाने स्वतः मांडावीत.