वेगचाचणीआधी सर्व्हरच्या बारा डिस्क एकसारख्या कशा तयार कराव्यात

बारा एसएसडींची चाचणी घेतली आणि त्यातल्या दोन हळू निघाल्या, तर डिस्क परत पाठवण्याआधी तयारी तपासा. कोऱ्या एसएसडीवर रिकामे ब्लॉक भरपूर असतात, म्हणून लेखन झपाट्याने होतं. ते संपले की कंट्रोलरला जुना डेटा हलवत, ब्लॉक पुसत जागा करावी लागते आणि वेग घसरतो. दहा कोऱ्या आणि दोन आधी भरलेल्या डिस्क एकाच तक्त्यात मांडल्या, तर त्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

सुरुवात ओळख पटवण्यापासून करा. लिनक्सवर 'एलएसबीएलके' ही आज्ञा चालवून प्रत्येक डिस्कचं मॉडेल, सीरियल नंबर, आकार आणि माउंट पॉइंट बघा. एसडीबी, एसडीसी ही नावं रीबूटनंतर बदलू शकतात, त्यामुळे स्क्रिप्टमध्ये 'बाय-आयडी' फोल्डरमधलीच नावं वापरा. 'बाय-पाथ'ची नावं एफआयओला (वेगचाचणी चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) देताना जपून, कारण त्यांत कोलन असतो आणि एफआयओ कोलनला दोन फाइलींमधला विभाजक समजतं. कोलनच्या आधी बॅकस्लॅश द्यावा लागतो. ऑपरेटिंग सिस्टिमची डिस्क यादीतून काढा, मग दुसऱ्या माणसाकडून यादी एकदा वाचून घ्या. पुढे याच यादीतल्या डिस्क पुसायच्या आहेत, त्यामुळे इथे झालेली चूक मागे घेता येत नाही. बारा एसएएस (सर्व्हरमधला डिस्क जोडणीचा एक प्रकार) डिस्कच्या जागी चोवीस दिसल्या, तर प्रत्येक डिस्क दोन वाटांनी दिसतेय. डब्ल्यूडब्ल्यूएन (प्रत्येक डिस्कचा वेगळा ओळखक्रमांक) जुळवून एकच वाट ठेवा किंवा मल्टिपाथ (दोन्ही वाटा एकच डिस्क म्हणून दाखवणारी सोय) नीट लावा. ट्रेवर सीरियल नंबरचं लेबल चिकटवा. रात्री उशिरा डिस्क बदलताना त्याचा उपयोग कळतो.

मग 'स्मार्टसीटीएल'ने तब्येत बघा: रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर, पेंडिंग सेक्टर, किती झीज झाली, फर्मवेअरची आवृत्ती. फर्मवेअर सगळ्यांवर एकच हवं. साटा डिस्कचा सीआरसी एररचा आकडा वाढत असेल तर आधी केबल किंवा बॅकप्लेन (डिस्क ज्यात खोचल्या जातात तो बोर्ड) तपासा. लिंकचा वेगही इथेच दिसतो. ६ गिगाबिटऐवजी ३ दिसत असेल तर ट्रे काढून पुन्हा घट्ट बसवा. एनव्हीएमईसाठी (थेट पीसीआयईवर जोडलेल्या एसएसडीसाठी) 'एलएसपीसीआय'मध्ये पीसीआयईच्या चार लेन मिळाल्यात ना, ते बघा.

डिस्क रेड कार्डामागे (अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या कार्डामागे) असतील तर कार्ड एचबीए मोडमध्ये घ्या, म्हणजे डिस्क सुट्या आणि थेट दिसतील. नाहीतर कार्डाची कॅशे मोजली जाते आणि पुसण्याची आज्ञाही डिस्कपर्यंत पोचेलच असं नाही. बेरीजही करून ठेवा: साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, म्हणजे २४ डिस्कच्या सर्व्हरमध्ये १३,२०० एमबी. पीसीआयई ३ च्या आठ लेनच्या कार्डाची कागदावरची मर्यादाच ७.९ जीबीच्या आसपास. अशा सर्व्हरमध्ये सगळ्या डिस्क एकदम चालवल्या तर तुम्ही कार्ड मोजता.

आता पुसणं. जुनं सॉफ्टवेअर रेड 'एमडीअ‍ॅडम'ने थांबवा, एलव्हीएमचे ग्रुप काढा आणि 'वाइपएफएस'ने जुन्या फाइल सिस्टिमच्या सह्या (ओळखखुणा) पुसा. 'डिव्हाइस बिझी' आलं तर फोर्स मारू नका, डिस्क कोण धरून बसलंय ते शोधा. मग साटा आणि एसएएस एसएसडीवर 'बीएलकेडिस्कार्ड', एनव्हीएमईवर 'एनव्हीएमई फॉरमॅट'. सगळ्यांवर सेक्टरचा आकार एकच ठेवा, ५१२ किंवा ४०९६. पार्टिशन करायची गरज नाही, कच्च्या डिस्कवरच मोजा.

पुसल्यानंतर लगेच वाचनाची चाचणी घेऊ नका. ट्रिम झालेल्या (रिकामी म्हणून डिस्कला कळवलेल्या) जागेवरून वाचलं, तर बऱ्याच एसएसडी फ्लॅशला हात न लावता नुसती शून्यं परत देतात. आकडा इतका देखणा येतो की लोक तोच अहवालात घालतात.

म्हणून आधी डिस्क भरा. एसएनआयए या स्टोरेज उद्योगाच्या संघटनेच्या चाचणी मानकात क्षमतेच्या दुप्पट डेटा १२८ केबीच्या सलग लेखनाने लिहायला सांगितलंय. एफआयओमध्ये लेखन सलग, ब्लॉक साइज १२८ केबी, डायरेक्ट १, इंजिन लिबएआयओ, क्यू डेप्थ (एका वेळी रांगेत ठेवायच्या विनंत्या) ३२, आकार १०० टक्के आणि लूप्स २. प्रत्येक डिस्कला जॉब फाइलमध्ये वेगळा विभाग द्या. सगळ्या एका जॉबमध्ये कोंबल्या तर सर्वांत हळू डिस्क बाकीच्यांना मागे ओढते. ३.८४ टीबीची डिस्क ५०० एमबीच्या वेगाने दोनदा भरायला सव्वाचार तास लागतात. डिस्क एकाच वेळी भरल्या आणि कार्ड अडलं नाही, तर बारांनाही तेवढाच वेळ.

पुण्यात ही सव्वाचार तासांची फेरी गुरुवारी लावू नका. देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा इथला दिवस तोच, आणि मध्येच तुटलेली फेरी पुसण्यापासून पुन्हा करावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो तेव्हा एसीशिवायच्या लॅबमध्ये एनव्हीएमई तापून स्वतःच वेग कमी करते. दर मिनिटाला तापमान नोंदवा, आणि रिकाम्या कप्प्यांत डमी ट्रे बसवा, नाहीतर हवा डिस्कवरून न जाता मोकळ्या वाटेने निघून जाते.

सलग चाचण्या भरल्यावर लगेच घ्या. रँडम चाचणीआधी मात्र ४ केबीचं रँडम लेखन चालू ठेवा, वेग स्थिर होईपर्यंत. स्थिर कधी म्हणायचं तेही मानकात आहे: लागोपाठ पाच फेऱ्यांत सर्वांत मोठ्या आणि लहान आकड्यातला फरक सरासरीच्या २० टक्क्यांच्या आत आणि कलरेषेचा चढउतार सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत. रँडमनंतर पुन्हा सलग मोजायचं असेल तर पुसण्यापासून सुरू करा.

हार्ड डिस्कला हा भरण्याचा सोपस्कार लागत नाही. तिथे बाहेरच्या ट्रॅकवर वेग जास्त आणि आतल्या ट्रॅकवर जवळपास निम्मा, म्हणून सगळ्यांवर ऑफसेट आणि आकार तंतोतंत एकच द्या.

शेवटी सीपीयूचा गव्हर्नर (त्याचा वेग ठरवणारी सेटिंग) 'परफॉर्मन्स'वर ठेवा आणि दोन सॉकेटच्या सर्व्हरमध्ये एफआयओ डिस्कच्याच नुमा नोडवर (डिस्क ज्या सॉकेटला जोडली आहे त्यावर) बांधा. मग प्रत्येक डिस्कवर एकेकटी, एक मिनिटाची, सारखीच फेरी घ्या. एखादी बाकीच्यांपेक्षा स्पष्ट मागे पडली तर तिचा कप्पा दुसरीशी बदला. हळूपणा कप्प्यातच राहिला तर बॅकप्लेन बघा. डिस्कबरोबर गेला तर ती डिस्क यादीतून काढा.