युरेनियमची खनिजं जमवताय? या चुका टाळा

टॉर्बर्नाइटचे हिरवेगार चौकोनी पापुद्रे किंवा काँगोतल्या मुसोनोई खाणीतल्या क्युप्रोस्क्लोडोव्स्काइटच्या बारीक सुया एकदा भिंगाखाली पाहिल्या, की हा छंद सुटत नाही. तो जरूर जोपासावा. पण नवे संग्राहक बहुतेक वेळा भलत्याच गोष्टीला घाबरतात. दगडातून निघणाऱ्या किरणांची धास्ती घेतात आणि धूळ व रेडॉन वायू यांच्याकडे मात्र काणाडोळा करतात. पुढच्या जवळपास सगळ्या चुका यातूनच होतात.

सुरुवात होते ती शिशाच्या पेटीपासून. मुठीत मावेल एवढ्या नमुन्यासाठी तिची सहसा गरज पडत नाही. दगडातून अल्फा, बीटा आणि गॅमा असा तीन प्रकारचा किरणोत्सर्ग निघतो. अल्फा कण डबीच्या भिंतीतच अडतात, जाड ॲक्रिलिक बरेचसे बीटा कण थोपवतं, आणि गॅमा किरणांवर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे अंतर. नमुन्यापासून दुप्पट लांब गेलात की तीव्रता साधारण चौथाईवर येते. त्यामुळे कपाट जिथे माणसं तासन् तास बसतात किंवा झोपतात तिथून लांब असलं, की बरंचसं काम झालं. शिवाय शिसं स्वतःच विषारी आहे, आणि झाकणाच्या फटीतून बाहेर पडणारा वायू ते अडवत नाही.

आता त्या वायूबद्दल. 1898 मध्ये मेरी क्युरी यांच्या लक्षात आलं, की पिचब्लेंड हे युरेनियमचं खनिज त्यातल्या युरेनियमच्या मानाने फारच जास्त किरणोत्सर्गी आहे. त्या शोधातूनच पुढे पोलोनियम आणि रेडियम सापडलं. तुमच्या कपाटातल्या दगडातही हीच साखळी चालू असते: युरेनियमपासून टप्प्याटप्प्याने रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन. रेडॉनचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे 3.8 दिवस. घट्ट बंद डबीत तो साठत जातो आणि महिन्याभरात जवळजवळ कमाल पातळी गाठतो. अशी डबी बंद खोलीत, नाकासमोर धरून उघडणं ही मला या छंदातली सगळ्यात गंभीर चूक वाटते. डब्या उघड्या हवेत किंवा निदान सताड उघड्या खिडकीशी उघडा. संग्रह झोपायच्या खोलीत किंवा हवा न खेळणाऱ्या तळघरात ठेवू नका. नमुने वाढले की खोलीत रेडॉन मोजणारं उपकरण ठेवाच. जागतिक आरोग्य संघटनेने घरातल्या हवेसाठी सुचवलेली संदर्भ पातळी घनमीटरला 100 बेकरेल (किरणोत्सर्गी विघटन मोजायचं एकक) आहे. आकडा त्याच्या वर जात असेल तर संग्रह घराबाहेर, वायुवीजन असलेल्या जागी हलवावा.

इथेच नेहमी येणारी एक अडचण सांगतो. नमुना बाहेर काढला, डबी रिकामी आहे, तरी गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं मीटर) तिच्या आत टकटकतच राहतो. डबी लगेच फेकून देऊ नका. रेडॉनपासून तयार झालेले शिसे-214 आणि बिस्मथ-214 आतल्या भिंतींना चिकटलेले असतात. त्यांची अर्धायुष्यं जेमतेम 27 आणि 20 मिनिटांची. डबी बाहेर उघडी ठेवा आणि चार-पाच तासांनी पुन्हा मोजा. आकडा नेहमीच्या पार्श्वभूमीच्या जवळ आला तर प्रश्न मिटला. तसाच राहिला तर आत खनिजाची भुकटी सांडली आहे, असं समजून ओल्या कागदाने पुसून घ्या.

भुकटीच्या बाबतीत ऑट्युनाइट हे युरेनियमचं खनिज सगळ्यात त्रासदायक. त्याच्या स्फटिकातलं पाणी कोरड्या हवेत निघून जातं, त्याचं मेटा-ऑट्युनाइट होतं, पापुद्रे सुटतात आणि डबीच्या तळाशी पिवळसर चुरा जमतो. तो फुंकून उडवणं, कोरड्या ब्रशने झाडणं किंवा घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने ओढणं, तिन्ही गोष्टी टाळा. अल्फा कण कातडीवर निरुपद्रवी ठरतात, पण ते सोडणारी धूळ श्वासातून फुप्फुसात गेली की खरा धोका सुरू होतो. नमुना तळाला पक्का चिकटवलेल्या डबीत ठेवा, हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा. घरात हातोडी, करवत अजिबात नको.

मीटरच्या आकड्यांवरूनही खूप गोंधळ होतो. किरणं टिपणारी मीटरची नळी मोठ्या खिडकीची असेल तर ती त्याच दगडावर छोट्या नळीपेक्षा कितीतरी जास्त टकटक दाखवते, त्यामुळे दोन वेगळ्या मीटरवरच्या मिनिटाच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. बरेच मीटर सीझियम-137 या किरणोत्सर्गी पदार्थाच्या गॅमा किरणांवर प्रमाणित केलेले असतात. नळी दगडाला टेकवून दिसणारे मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचं एकक) बीटा कणांमुळे फुगलेले असतात. स्वतःला किती मात्रा मिळते हे पाहायचं असेल, तर तुम्ही रोज जिथे बसता तिथे मीटर ठेवून मोजा.

अतिनील दिव्याखाली चमकतं तेच युरेनियम, हा समजही काढून टाका. ऑट्युनाइट झगझगीत हिरवं चमकतं, तांबं असलेलं टॉर्बर्नाइट चमकत नाही, आणि त्या दोघांपेक्षा युरेनियमने कितीतरी समृद्ध असलेलं काळं युरेनिनाइटही निपचित राहतं. दिव्याने किरणोत्सर्ग कळत नाही.

खरेदीआधी आपल्या देशाचा अणुऊर्जा कायदा वाचा. अनेक ठिकाणी अशी खनिजं बाळगायला किंवा टपालाने मागवायला परवानगी लागते. प्रत्येक डबीवर खनिजाचं नाव, खाणीचं ठिकाण आणि किरणोत्सर्गाची खूण असू द्या, आणि घरातल्यांना ते कपाट दाखवून ठेवा. संग्राहकाच्या पश्चात हे दगड नुसते शोभेचे समजून मुलांच्या हाती गेलेले कुणालाच चालणार नाहीत.