नवख्या घोड्याला पहिल्या इव्हेंटिंग स्पर्धेत उतरवताना

इव्हेंटिंगमध्ये एकाच घोड्याची तीन प्रकारांत परीक्षा होते: ड्रेसाज (ठरवून दिलेल्या हालचाली), क्रॉस-कंट्री (मोकळ्या रानातले पक्के अडथळे) आणि शो जंपिंग (मैदानातल्या पडणाऱ्या बांबूंवरून उड्या). घोडदळाच्या घोड्यांची कसोटी म्हणून सुरू झालेला हा खेळ १९१२ साली स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आला. आपल्याकडे १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी ‘शहजादा’ या घोड्यावर वैयक्तिक सुवर्ण मिळवले आणि २०१८ च्या जकार्ता एशियाडमध्ये फवाद मिर्झा यांनी रौप्य. तिथवर पोचणारा प्रत्येक घोडा कधीतरी पहिल्यांदा स्पर्धेच्या मैदानावर उतरलेला असतो. त्या पहिल्या दिवशी तो घाबरला, तर पुढची दोन वर्षे ती भीती काढण्यातच जातात. म्हणून पहिल्या स्पर्धेपुरता एकच नियम धरा: घोड्याला जागा नवी वाटेल, काम नवे वाटता कामा नये. स्पर्धेत जे जे समोर येणार आहे, ते घरी, म्हणजे इथे नाशिकमध्येच, सुटे सुटे करून आधी त्याच्या ओळखीचे करून द्यायचे.

घोडा तयार आहे का?

घरी ८० ते ९० सेंटिमीटरचा पूर्ण कोर्स घोडा शांतपणे मारत असेल, तर पहिल्या स्पर्धेत ६० ते ७० सेंटिमीटरच्या वर्गात नाव द्या. परक्या मैदानावर घोड्याची निम्मी ताकद आजूबाजूला बघण्यातच जाते. पाच वर्षांच्या आतल्या घोड्याला क्रॉस-कंट्रीची घाई करू नका.

नाशिकच्या पागांमध्ये बहुतेक दोन तऱ्हेचे घोडे दिसतात. पहिला म्हणजे पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड. त्याच्याकडे दम असतो, पण लगामाला हात लागला की पळायचे, एवढेच तो शिकलेला असतो. त्याला सैल लगामावर वॉक (साधी चाल) करायला आणि कँटरमधून (दुडकीपेक्षा वेगाची चाल) सावकाश खाली यायला शिकवण्यात सहा महिने सहज जातात. दुसरा सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेला मारवाडी किंवा काठियावाडी. त्याच्या बाबतीत चाल नीट तपासा. रेवाल चालीला बाजारात मोल आहे, पण ड्रेसाजमध्ये दुडकी दोन ठोक्यांची लागते, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय जोडीने पडायला हवा. रेवालमध्ये एकाच बाजूचे पाय जवळजवळ एकत्र पडतात आणि परीक्षक त्याचे गुण कापतात. अशा घोड्याला जमिनीवर टाकलेल्या बांबूंवरून दुडकी चालवा. दोन बांबूंमध्ये साधारण १.२ मीटर अंतर ठेवा आणि पाऊल बघून थोडे कमीजास्त करा. बहुतेक घोडे दोनतीन महिन्यांत सुधारतात.

दम आणि जमीन

तयारीला किमान दहा आठवडे हवेत. पहिले तीन आठवडे रोज तासभर वॉक आणि थोडी दुडकी. मग आठवड्यातून दोनदा, मध्ये तीन-चार दिवसांचे अंतर ठेवून, कँटरची सत्रे: तीन मिनिटे कँटर, तीन मिनिटे वॉक, असे तीन वेळा. हळूहळू कँटर पाच मिनिटांपर्यंत न्या. विश्रांतीच्या वेळी घोड्याचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ असतात. सत्र संपल्यावर दहा-पंधरा मिनिटांत ते ६४ च्या खाली आले नाहीत, तर पुढच्या वेळी काम वाढवू नका.

जमिनीकडे मात्र नाशिकमध्ये फार बारीक लक्ष द्यावे लागते. आपली काळी माती पावसाळ्यात नाल ओढून काढते आणि उन्हाळ्याकडे झुकताना तिला अशा भेगा पडतात की अख्खा खूर आत जाईल. कँटरसाठी मुरमाचा रस्ता किंवा वाळू टाकलेला ट्रॅकच धरा. डांबरावर वॉक चांगला. दुडकी दोन-चार मिनिटांपलीकडे नको, कारण तिचे हादरे थेट घोट्यात आणि खुरात उतरतात. द्राक्षबागांमधले रस्ते दम वाढवायला छान आहेत, पण ओळींच्या टोकाला जमिनीत रोवलेल्या ताणाच्या तारा सकाळच्या तिरप्या उन्हात दिसत नाहीत. बांधाच्या बाजूने कधीच कँटर करू नका. औषधफवारणी चालू असेल त्या दिवशी त्या बाजूला जाऊच नका.

पाणी आणि चर

नवखे घोडे सर्वांत जास्त अडतात ते या दोन ठिकाणी. दोन्ही गोष्टी घरीच, अगदी लहानापासून शिकवता येतात.

पाण्यासाठी घोट्याइतक्या खोलीचा, मुरमाच्या किंवा वाळूच्या तळाचा ओढा शोधा. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरची कड सपाट दिसते, पण वरच्या पापुद्र्याखाली गाळ असतो आणि घोडा एकदम गुडघ्यापर्यंत रुततो. घोडा नेण्याआधी तुम्ही स्वतः त्या पाण्यात चालून या. काँक्रीटच्या कालव्यात घोडा घालायचाच नाही. उतारावर पाय घसरला तर बाहेर काढणे अवघड होते.

पहिल्या दिवशी पुढे एक जाणता घोडा ठेवा. तुमचा घोडा काठावर थांबेल, नाक खाली करून फुरफुरेल, पुढच्या पायाने पाणी उडवेल. त्याला बघू द्या. तुमच्या दोन्ही पोटऱ्या घोड्याच्या कुशीला लावून ठेवा, तोंड पाण्याकडेच राहील एवढे धरा, आणि एक हात मानेच्या पट्ट्यात घाला. तो पट्टा फार महत्त्वाचा आहे. बहुतेक घोडे पहिल्यांदा पाण्यात पाय टाकत नाहीत, एकदम उडी मारतात. स्वार मागे राहतो, तोल सावरायला लगाम ओढतो आणि तोंडातले कडियाळे हिरड्यांवर आपटते. घोड्याच्या डोक्यात बसते ते एवढेच: पाण्यात गेलो की तोंड दुखते. पट्टा धरलेला असेल तर हा हिसका तोंडापर्यंत जात नाही. पुढचे टप्पे असे: वॉकने आत-बाहेर, मग दुडकीने, मग पाण्याच्या तीन-चार पावले आधी एक लहान ओंडका.

चराची सुरुवात ३०-४० सेंटिमीटर रुंदीपासून करा. घोड्याला स्वतःच्या नाकाखालचे दिसत नाही, चर बघायला त्याला मान खाली घालावी लागते. म्हणून लगाम लांब सोडा आणि पोटऱ्या घट्ट ठेवा. तुमची नजर मात्र पलीकडच्या झाडावर. स्वाराने चरात डोकावले की त्याचे वजन पुढे जाते आणि घोडा थांबतो. झाडाखालच्या उड्याही घरी करून घ्या, कारण उजेडातून सावलीत जाताना घोड्याच्या डोळ्यांना सरावायला माणसापेक्षा जास्त वेळ लागतो.

कागदपत्रे आणि प्रवास

स्पर्धा इक्वेस्ट्रियन फेडरेशन ऑफ इंडियाच्या नियमांखाली असेल तर घोड्याची नोंदणी, पासपोर्ट आणि लसींच्या नोंदी लागतात. त्याशिवाय ग्लँडर्स आणि इक्वाइन इन्फेक्शिअस ॲनिमिया या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगांच्या चाचण्यांचे ताजे अहवाल आयोजक मागतात. पशुवैद्यकांकडे दोन महिने आधी जा. ग्लँडर्सवर लस नाही आणि तो माणसालाही होतो. म्हणून मैदानावर दुसऱ्याची बादली, तोबरा किंवा खरारा आपल्या घोड्याला लावू नका.

स्पर्धा पुण्याला असेल, तर नाशिक ते पुणे साधारण २१० किलोमीटर. माणसाला चार-पाच तास लागतात, घोड्याच्या गाडीला सहा-सात धरा. ट्रकमध्ये घोडा सतत तोल सांभाळत उभा असतो, त्यामुळे वळणांवर आणि घाटात ड्रायव्हरने ब्रेक हळू दाबायला हवा, हे त्याला निघण्याआधी सांगा. मुंबईकडे जाताना कसारा घाटात तर आवर्जून. दोर इतका सैल बांधा की घोड्याला मान छातीखाली नेता येईल. मान तासन्‌तास वर राहिली तर श्वासनलिकेतली घाण बाहेर पडत नाही आणि फुप्फुसाचा आजार जडतो. दर तीन तासांनी थांबून पाणी दाखवा. परके पाणी घोडे पीत नाहीत आणि न प्यायल्याने पोटशूळ उठतो. निघण्याच्या चार-पाच दिवस आधीपासून घरच्या पाण्यात मूठभर गूळ विरघळवून द्या आणि तिथेही तेच करा, म्हणजे चव ओळखीची राहते. कडबा, लसूणघास, ओट सगळे घरचेच न्या. स्पर्धेच्या आठवड्यात खुराक बदलू नका. नाल मारायचे असतील तर आठवडाभर आधी. चुकीचा खिळा बसला असेल तर तो कळायला दोनतीन दिवस जातात.

किमान एक दिवस आधी पोचा. उतरवल्यावर पाऊण तास हाताने फिरवा आणि मग ठाणबंद करा.

गुणांचे गणित

ड्रेसाजची टक्केवारी शंभरातून वजा करतात. ६२ टक्के मिळाले तर ३८ दंडगुण. क्रॉस-कंट्रीत पहिल्या नकाराला, म्हणजे घोडा उडीपाशी अडला की, २०, त्याच अडथळ्यावर दुसऱ्यांदा नकार दिला तर ४०, तिसऱ्यांदा बाद. शो जंपिंगमध्ये बांबू पडला की ४. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक सेकंदाला ०.४. म्हणजे दहा सेकंद उशीर झाला तर एक बांबू पडल्याइतकाच दंड होतो, आणि क्रॉस-कंट्रीतला एक नकार पाच बांबूंइतका पडतो. पहिल्या स्पर्धेत घड्याळ विसरून प्रत्येक उडीला शांतपणे जाणे या हिशेबातही फायद्याचे ठरते.

ड्रेसाजचा दिवस

लहान मैदान २० बाय ४० मीटरचे असते आणि कडेची अक्षरे क्रमाने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी. घरी चुन्याने तेवढेच मैदान आखा, अक्षरांच्या जागी रंगवलेले डबे ठेवा आणि सीच्या मागे एक गाडी उभी करून तीत माणूस बसवा. परीक्षकाच्या गाडीला बुजणारे घोडे फार. टेस्टचे, म्हणजे ठरलेल्या हालचालींच्या क्रमाचे, तुकडे करून सराव करा. सलग पूर्ण टेस्ट रोज केली तर घोडा पुढचे वळण स्वतःच घेऊ लागतो. सकाळी २०-२५ मिनिटे नुसता फिरवून आणा, पुन्हा पाठीवर बसा ते प्रवेशाच्या अर्धा तास आधी. घंटा वाजल्यावर आत शिरायला साधारण पाऊण मिनिट असते, घाईने वळू नका. आत घोडा ताठला तर टेस्टमधले पुढचे मोठे वर्तुळ नीट करा. हरवलेला एक गुण परत मिळवायला पुढच्या तीन हालचाली बिघडवू नका. घोड्याच्या घोट्याचे बूट ड्रेसाजमध्ये चालत नाहीत, ते बाहेरच काढा. धावपळीत हेच सगळ्यात जास्त विसरते.

कोर्स पायी फिरणे

क्रॉस-कंट्रीचा कोर्स निदान तीनदा पायी फिरा. पहिल्यांदा नुसता रस्ता, दुसऱ्यांदा प्रत्येक उडी, आणि तिसऱ्यांदा घोडा येणार त्या वेळी. ऊन आणि सावल्या तेव्हाच खऱ्या दिसतात. लाल झेंडा उजव्या हाताला, पांढरा डाव्या हाताला. चुकीच्या बाजूने गेलात तर ती उडी धरत नाहीत.

जोडउड्यांमधले अंतर पावलांनी मोजा. तुमचे एक पाऊल ९० सेंटिमीटरचे असेल, तर चार पावले म्हणजे घोड्याचे कँटरचे एक पाऊल. उतरायला दोन आणि उडायला दोन पावले सोडायची. म्हणून मध्ये तुमची आठ पावले असतील तर घोड्याचे कँटरचे एक पाऊल, बारा असतील तर दोन. साडेचौदा हात उंचीच्या (घोड्याच्या मापात एक हात म्हणजे चार इंच) मारवाडीचे पाऊल थोडे आखूड पडते, ते घरी मोजून ठेवा.

क्रॉस-कंट्री

शेवटचे दाण्याचे खाणे चार तास आधी. चारा थोडा चालतो, पाणी मात्र तोडू नका. हेल्मेट, बॉडी प्रोटेक्टर, पुढच्या-मागच्या पायांना बूट, छातीचा पट्टा, आणि रिकिबी ड्रेसाजपेक्षा दोन-तीन भोके वर. तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, पाठीवर बसल्यावर आवळा आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघा.

स्टार्ट बॉक्समध्ये घोडा उभा करून ठेवू नका, तो उकळत राहतो. बाहेर वॉक करत राहा आणि मोजणी दहावर आली की आत जा. पहिल्या तीन उड्यांना पोटऱ्या लावून ठामपणे जा, पण जोरात पळवू नका. घोड्याचा दिवसभराचा विश्वास इथेच ठरतो. पाण्याला दुडकीने जा. उतरणीच्या उडीला खांदे मागे, बोटे उघडी, लगाम सरकू द्या.

घोडा अडला, तर आठ-दहा पावले मागे वळा, सरळ रेषेत या आणि पोटऱ्या पहिल्यापेक्षा लवकर लावा. लांबून भरधाव आणलेला घोडा घाबरून पुन्हा अडतो. दुसऱ्यांदाही अडला आणि तो चिडलेला नसून थरथरतो आहे असे जाणवले, तर हात वर करून थांबा आणि वॉकने बाहेर या. पायात फरक वाटला, नाल गेला, तरी तेच करा.

परतल्यावर लगेच खाली उतरा, तंग सैल करा, सावलीत न्या. थंड पाणी मान, छाती, पुठ्ठे, सगळीकडे ओतत राहा आणि मधूनमधून वॉक करवा. सकाळी गारठा असला तरी दुपारी घोडा तापतोच. पाणी प्यायला द्या. ‘गरम घोड्याला पाणी देऊ नये’ हे जुने ऐकून त्याला तहानलेला ठेवू नका. घामातून मीठ जाते, म्हणून वेगळ्या बादलीत इलेक्ट्रोलाइट घालून ठेवा, साधे पाणीही शेजारी असू द्या. ताप १०१.५ फॅरनहाइटच्या वर टिकून राहिला किंवा घोडा मागच्या पायांत आखडला, तर चालवू नका, मैदानावरच्या पशुवैद्यकांना बोलवा.

शो जंपिंग आणि घरी परतल्यावर

शो जंपिंग क्रॉस-कंट्रीनंतर असेल, तर थकलेला घोडा बांबूंना पाय लावतो. गरम करताना मोजक्या सहा-सात उड्या पुरतात. शेवटची उडी उभी, म्हणजे रुंदी नसलेली, घ्या, म्हणजे तो पाय आवरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही पाय हाताने चाचपा. कंडरांवर उष्णता किंवा सूज आहे का पाहा, कठीण जमिनीवर सरळ दुडकी चालवून बघा. दोन दिवस फक्त हाताने फिरवणे आणि मोकळे सोडणे, मग आठवडाभर हलके काम. पुढचे नाव देताना उंची वाढवू नका. जिथे अडला तीच उडी घरी अर्ध्या उंचीला बांधा, आणि ती सलग तीन दिवस न बुजता, न अडता गेली की त्याच वर्गात पुन्हा उतरवा.