जुन्या सांगाड्यावर तीन स्कूटरची ट्रॉली: कुठे वाचवायचं, कुठे नाही

बंद पडलेली चेतक गावाकडून पुण्यात आणायची म्हटलं की आधी टेम्पोचं भाडं आठवतं. १९७२ साली बाजारात आलेली ही स्कूटर सासवड, वाई, बारामती भागात आजही कुणाच्या तरी पडवीत पोत्याखाली उभी असते. ती उचलून परत रस्त्यावर आणणारी माणसं पुण्यात बरीच आहेत आणि त्यातली काही नऱ्ह्याला माझ्या शेडवर येतात. प्रश्न ठरलेला: "दादा, बोलेरोमागे लावायला स्वस्तात ट्रॉली होईल का?"

होईल. पण स्वस्त कशात करायचं हे आधी नक्की करा. सांगाडा जुना चालतो. प्लॅटफॉर्म, रॅम्प, मडगार्ड हे सगळं भंगारातून उभं राहतं. चाकाचे हब आणि बेअरिंग, गाडीला जोडायचं कपलिंग, साखळ्या आणि दिवे मात्र नवेच. माझी शेड नवले पुलाच्या उताराला लागून आहे. कात्रजच्या नव्या बोगद्यातून खाली येणाऱ्या गाड्या न्यूट्रलवर सोडल्या की कसे अपघात होतात ते इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या उतारावर मागची ट्रॉली सुटली तर ती कुणाच्या अंगावर जाईल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून या चार-पाच वस्तूंच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

आधी कागद, मग लोखंड

मोटार वाहन कायद्यात 'मोटार वाहन' या व्याख्येतच ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉली, येतो. म्हणजे त्याची नोंदणी वेगळी, नंबर वेगळा. रस्त्यावर चालवायची ट्रॉली कोऱ्या लोखंडी चॅनलपासून घरी बनवली तर तिचं रजिस्ट्रेशन करून घेणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. म्हणून आरसी असलेली जुनी एक्सलवाली ट्रॉलीच शोधायची. जीपमागे लावायच्या हलक्या ट्रॉल्या भोसरीपासून कात्रज-कोंढवा रस्त्यापर्यंत यार्डांत अधूनमधून दिसतात. जनरेटर किंवा कॉम्प्रेसरखालची चाकांची फ्रेम स्वस्त मिळते, पण तिचे कागद बहुतेक वेळा नसतातच. ती शेतात किंवा कारखान्याच्या आवारात वापरा.

यार्डवाला म्हणेल, "शेठ, कागद कशाला? कोण विचारतंय?" त्याला नमस्कार करून पुढच्या यार्डात जायचं.

आरसीवरचा चेसिस नंबर फ्रेमवर कोरलेल्या नंबराशी जुळवून बघा. रंगाखाली असेल तर वायर ब्रशने घासा, ग्राइंडर लावू नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५. आणखी एक कलम लक्षात ठेवा, ५२. आरसीवर लिहिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल परस्पर करता येत नाही. फ्रेम लांब करणं, एक्सल बदलणं असल्या विचारात असाल तर कटर लावायच्या आधी संगम पुलाजवळच्या कार्यालयात विचारून या. मी सांगतोय त्या पद्धतीत सांगाड्याला हात लावायची गरजच पडत नाही.

वजनाची मर्यादाही इथेच ठरवा. मालासकट ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर टी-१ गटात मोडतो. आरसीवर याहून कमी आकडा असेल तर तोच आपला. तीन स्कूटर म्हणजे सव्वातीनशे किलोच्या आत, आणि मर्यादेच्या बरंच आत राहायला रिकामी ट्रॉली अडीचशेच्या आत ठेवायची.

फ्रेम तपासणं

टेप, दोरी, हातोडी, रॉकेल आणि खडू एवढं घेऊन जा.

दोन्ही कर्ण मोजा. फरक ५ मिलिमीटरच्या आत असेल तर फ्रेम गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. मग कपलिंगच्या मध्यापासून एक्सलच्या डाव्या टोकापर्यंत आणि उजव्या टोकापर्यंत माप घ्या. ही दोन मापं जुळायलाच हवीत. ३ मिलिमीटरच्या वर फरक असेल तर ट्रॉली तिरकी चालणार आणि टायर एका बाजूने खाणार. कधी कधी कारण साधं असतं, यू-बोल्ट ढिले पडून एक्सल पाट्यावर (लीफ स्प्रिंगवर) सरकलेला असतो. तो दुरुस्त होतो. ट्रॉली ओढायचा पुढचा दांडा वाकलेला असेल तर तो मात्र मी सरळ करून वापरत नाही.

हातोडी सगळीकडे मारा. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं, आतून गंजलेलं बद्द. दोन चॅनल पाठीला पाठ लावून जोडलेले असतील त्या फटीत पाणी साचतं, तिथे जास्त वेळ द्या.

आता रॉकेल. तडे कुठे जातात ते ठरलेलं आहे: पाट्याचे हँगर फ्रेमला जोडलेत तिथे, आणि दांड्याचे दोन हात पुढच्या आडव्या चॅनलला मिळतात तिथे. ती जागा घासून साफ करा, रॉकेल लावा, दहा मिनिटं मुरू द्या, फडक्याने कोरडी पुसा आणि खडूची पूड चोळा. तडा असेल तर आतलं रॉकेल वर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळी रेघ उमटते. फुकटातली तपासणी आहे आणि डोळ्याला न दिसणारा तडा ती दाखवते. हँगरजवळ लहान तडा सापडला तर त्याच्या टोकाला ६ मिलिमीटरचं भोक पाडून, तडा व्ही आकारात घासून वेल्ड करता येतो. दांड्यात सापडला तर फ्रेम सोडून द्या.

हब आणि पाटे

जुने हब उघडून बेअरिंग बरी दिसली तरी नवीनच टाका. ऑइल सीलही नवं. नाना पेठेत दुकानदाराला जुनी बेअरिंग दाखवून त्यावरच्या नंबराप्रमाणे घ्यायची. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून मी हुक, क्लॅम्प, रॅचेट आणतो, बेअरिंग कधीच नाही.

टेपर बेअरिंग बसवताना चाक हाताने फिरवत नट आवळत जा, चाक जड झालं की नट एक पैलू मागे घ्या आणि कॉटर पिन घाला. चाक मोकळं फिरायला हवं, पण वर-खाली धरून हलवलं तर खडखडता कामा नये. ग्रीस रोलरच्या आत तळव्याने दाबून भरायचं. हब गच्च भरला तर ग्रीस तापून सील फोडतं.

पाटे मूळ जास्त वजनासाठी असतील तर रिकामी ट्रॉली खड्ड्यात उड्या मारते. दोन्ही बाजूंचा एकेक पाटा सारखाच काढता येतो. मुख्य पाटा आणि त्याचे डोळे तसेच ठेवून सेंटर बोल्ट नवा टाकायचा. पाट्यावर किंवा त्याच्या जवळ वेल्डिंग करू नका, त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो आणि तो तुटतो.

एक्सल नाही, वजन हलवा

ट्रॉली मागे झोलत का जाते? कपलिंगवर वजन कमी पडतं म्हणून. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास भार कपलिंगवर आला की ती सरळ येते. त्याहून कमी झाला तर वेगात शेपटी हलायला लागते, फार जास्त झाला तर बोलेरोचं मागचं अंग बसतं आणि पुढची चाकं हलकी होतात.

नवीन ट्रॉली बनवणारा त्यासाठी एक्सल पुढेमागे करतो. आपल्याला ते करायचं नाही. आपण स्कूटर कुठे उभी राहील ते ठरवायचं. त्याचं गणित शाळेतल्या सी-सॉचं आहे.

समजा रिकामी ट्रॉली २४० किलो भरली. कपलिंगखाली लाकडी ठोकळा आणि त्याखाली घरातला वजनकाटा ठेवला, ट्रॉली समतल केली, तेव्हा काट्यावर २५ किलो आले. कपलिंगपासून एक्सल २४० सेंटिमीटर. तीन स्कूटर १०५ किलोच्या धरल्या तर ३१५. एकूण ५५५, म्हणजे कपलिंगवर साधारण ५५ किलो हवेत. २५ आधीच आहेत, राहिले ३०. आता ३० ला २४० ने गुणा आणि ३१५ ने भागा: सुमारे २३. म्हणजे स्कूटरचा गुरुत्वमध्य एक्सलच्या २३ सेंटिमीटर पुढे यायला हवा.

तो गुरुत्वमध्य शोधायचा कसा? त्याच काट्यावर स्कूटरचं पुढचं आणि मागचं चाक वेगवेगळं तोला, दुसरं चाक तेवढ्याच उंचीच्या फळीवर ठेवून. चेतकचं इंजिन मागच्या चाकाशी, उजव्या अंगाला असतं, त्यामुळे मागे वजन जास्त. समजा मागे ६२, पुढे ४३ आणि दोन चाकांमधलं अंतर १२४ सेंटिमीटर. ४३ ला १२४ ने गुणून १०५ ने भागलं की ५१. मागच्या चाकापासून ५१ सेंटिमीटर पुढे तिचा मध्य. म्हणून पुढे तोंड केलेल्या स्कूटरचं मागचं चाक एक्सलच्या २८ सेंटिमीटर मागे उभं राहील आणि पुढचं चाक ९६ सेंटिमीटर पुढे. तिथेच चाकाचा खाचा वेल्ड करायचा.

मधली स्कूटर उलटी, म्हणजे तोंड मागे करून उभी करा. तिचं मागचं चाक एक्सलच्या ७४ सेंटिमीटर पुढे आणि पुढचं चाक ५० सेंटिमीटर मागे येईल. याचे दोन फायदे आहेत. हँडल एकमेकांना अडकत नाहीत, म्हणून दीड मीटर रुंदीत तीन स्कूटर मावतात. आणि तिचं इंजिन डाव्या अंगाला गेल्याने सगळा कल उजवीकडे राहत नाही. तुमच्या ट्रॉलीची आणि तुमच्या स्कूटरची मापं वेगळी असतील, आकडे तुमचे घाला. भरून झाल्यावर कपलिंगखाली काटा ठेवून खात्री करा.

प्लॅटफॉर्म आणि वेल्डिंग

अख्खं बूड चेकर्ड प्लेटने झाकायचा मोह होतो. ३ मिलिमीटरची चेकर्ड प्लेट चौरस मीटरला साधारण २५ किलो भरते. २.१ बाय १.५ मीटरला जवळपास ऐंशी किलो झाले. त्याऐवजी ५० बाय ५० बाय ५ चे आडवे अँगल टाकून त्यावर ३० सेंटिमीटर रुंदीच्या तीनच पट्ट्या लावल्या की प्लेटचं काम सत्तेचाळीस किलोत होतं. वजन वाचतं आणि पैसेही.

मुख्य चॅनलच्या वरच्या-खालच्या पाकळीवर आडवा वेल्ड मारू नका आणि तिथे भोकही पाडू नका. सगळा ताण त्याच पाकळ्या घेतात. जोड द्यायचा तो उभ्या पोटावर, लांबीच्या दिशेने. पट्ट्यांना आणि अँगलला ६०१३ नंबरचा वेल्डिंग रॉड पुरतो. दांडा आणि कपलिंगच्या प्लेटला ७०१८, तोही ओव्हनमध्ये वाळवलेला, आणि हात बसलेला वेल्डर. तुमचा हात नवा असेल तर तेवढं काम दुसऱ्याकडून करून घ्या. अर्थचा चिमटा वेल्डच्या अगदी जवळ, त्याच लोखंडावर लावा. तो चाकाच्या बाजूला लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि नव्या रोलरवर डाग पाडून ठेवतो. गॅल्व्हनाइज्ड पाइप वापरत असाल तर जोडाजवळचं जस्त आधी घासून काढा, त्याचा धूर छातीत घेऊ नका.

रॅम्प लांब करा. प्लॅटफॉर्म ५५ सेंटिमीटर उंच असेल तर रॅम्प २.२ मीटरच्या खाली नको, नाहीतर वर चढताना स्कूटरचा मधला स्टँड कडेला अडतो.

कपलिंग आणि दिवे

बोलेरोचा हुक बंपरला नाही, चेसिसला बोल्ट करायचा, ८.८ ग्रेडचे बोल्ट आणि लॉकनट लावून. हुकाचा बॉल ५० मिलिमीटरचा असेल तर त्यावर बसणारा ट्रॉलीचा कपलरही ५० चाच. दोन इंचाचा कपलर त्यावर बसतो, पण दोन इंच म्हणजे ५०.८, तेवढी ढिलाई राहते आणि वाढत जाते. दोन साखळ्या कपलिंगच्या खालून एकमेकींना छेद देऊन लावा. कपलिंग निसटलंच तर दांडा त्या झोळीत पडतो, रस्त्यावर घासत नाही.

सात पिनच्या सॉकेटची जोडणी अशी: १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी फॉग, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेल, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेल. अर्थची वायर प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र न्या. ती कपलिंगच्या लोखंडावर सोडली तर ग्रीस आणि गंजामुळे ब्रेक दाबला की इंडिकेटर लुकलुकतो. नंबर प्लेटवर दिवा हवाच. रिफ्लेक्टिव्ह टेप मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी.

बांधणं आणि पहिली फेरी

स्कूटर स्टँडवर उभी करून बांधू नका. चाकं खाचात, स्टँड वर, आणि चार रॅचेट पट्टे. पुढचे दोन हँडलला नाही, पुढच्या फोर्कला खालून. सस्पेन्शन अर्ध्यापर्यंत दबेल एवढंच आवळा. पेट्रोलचा कॉक बंद, टाकी रिकामी. मडगार्डवरून जाणाऱ्या पट्ट्याखाली जाड फडकं घाला.

पहिल्यांदा ट्रॉली रिकामीच जोडून कात्रज चौकापर्यंत जाऊन या. थांबून हबला हात लावा. कोमट असेल तर ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळलंय. मग भरून वजनकाट्यावर न्या, पावती आरसीसोबत गाडीत ठेवा. ट्रॉलीचा विमा आणि बोलेरोच्या मॅन्युअलमधली ओढण्याची मर्यादा, दोन्ही या आधी बघून झालेलं असलं पाहिजे.

या ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नाहीत, सगळं थांबवणं बोलेरोवर आहे. म्हणून साताऱ्याकडून येताना बोगदा संपायच्या आधीच तिसऱ्या गिअरमध्ये या, डावी लेन धरा आणि नवले पुलापर्यंत क्लच दाबू नका. घरी पोचल्यावर चाकांचे नट पुन्हा आवळा, नव्या बसवलेल्या चाकांचे नट पहिल्या फेरीत हमखास थोडे ढिले होतात.