मेंदूची निगा चाळिशीतच: बीपी, मीठ, कान आणि बाकीचं

मेंदूचं वजन जेमतेम सव्वा ते दीड किलो, म्हणजे शरीराच्या दोन टक्क्यांच्या आसपास. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे वीस टक्के तो एकटा वापरतो आणि साठवून जवळजवळ काहीच ठेवत नाही. त्याला रक्त सतत मिळावं लागतं, आणि आतल्या भागांपर्यंत ते फार बारीक रक्तवाहिन्यांतून जातं. बीपी वर्षानुवर्षं चढं राहिलं की या वाहिन्यांच्या भिंती जाड होतात, काही बुजतात आणि त्यांच्यावर जगणारा मेंदूचा कण न् कण कोरडा पडत जातो. यात काही दुखत नाही. सत्तरीत विसराळूपणा दिसतो, तेव्हा त्याची सुरुवात बरेचदा पंचेचाळिशीत झालेली असते.

भारतात साठीपुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्क्यांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली: बीपी, मधुमेह, कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, तंबाखूचा धूर, दारू, बैठं आयुष्य, डोक्याला मार, बहिरेपण, अधू नजर, नैराश्य, एकटेपणा, प्रदूषित हवा आणि लहानपणी अपुरं शिक्षण. ही सगळी दूर झाली तर जगातले जवळपास ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकतील किंवा लांबणीवर पडतील, असा त्यांचा हिशेब आहे. यातलं घरबसल्या सगळ्यात नीट मोजता येतं ते बीपी. म्हणून सुरुवात तिथून.

घरी बीपी मोजणं

दंडावर बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. मनगटाचं नको, कारण हात हृदयाच्या पातळीवर धरण्यात जरा चूक झाली की आकडा बदलतो. दुकानात जाण्याआधी शिंप्याच्या टेपने दंडाचा मधला घेर मोजा. यंत्रासोबत येणारा साधा पट्टा बहुधा २२ ते ३२ सेंटिमीटर घेरासाठी असतो. दंड ३५ सेंटिमीटरचा असेल तर मोठा पट्टा वेगळा मागून घ्यावा लागतो. लहान पट्टा जाड दंडावर ओढून बांधला की बीपी खोटंच जास्त दिसतं, आणि नको असलेली गोळी सुरू होते.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, कॉफी, तंबाखू, विडी, व्यायाम यातलं काही नको. लघवीला जाऊन या. भरलेल्या मूत्राशयानेही आकडा चढतो. पाठ टेकता येईल अशा खुर्चीवर बसा. पलंगाच्या कडेवर किंवा जमिनीवर मांडी घालून नको. दोन्ही पावलं जमिनीला टेकलेली, पायावर पाय नाही. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या मध्याच्या उंचीला येईल. टेबल ठेंगणं असेल तर हाताखाली उशी घ्या. पट्टा उघड्या दंडावर बांधायचा. सदऱ्याची किंवा ब्लाउजची घट्ट बाही वर सरकवली तर तिचाच करकोचा पडतो, त्यापेक्षा हात बाहीतून बाहेर काढलेला बरा. पट्ट्याची खालची कड कोपराच्या घडीपासून दोन बोटं वर असावी आणि पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम शिरावीत. आता पाच मिनिटं गप्प बसा. मोजताना कुणी काही विचारलं आणि तुम्ही उत्तर दिलंत, तर तेवढ्यानेही वरचा आकडा दहाने चढू शकतो.

एकदा मोजा, एक मिनिट थांबा, पुन्हा मोजा, दोन्ही आकडे लिहा. असं सकाळी (चहा आणि गोळीच्या आधी) आणि रात्री जेवणाआधी, सात दिवस. पहिल्या दिवशी यंत्राची धास्ती असते, त्या दिवसाचे आकडे सोडून द्या. उरले सहा दिवस, रोजचे चार, म्हणजे २४ नोंदी. वरच्या आकड्यांची बेरीज ३३१२ आली तर भागिले २४, सरासरी १३८. खालच्या आकड्यांचंही तसंच. घरची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून जास्त असेल तर ती चढी समजतात. वही घेऊन डॉक्टरांकडे जा. दवाखान्यात घाईघाईत घेतलेल्या एका आकड्यापेक्षा ही वही त्यांना जास्त सांगते.

पहिल्या दिवशी दोन्ही हातांवर मोजा. ज्या हाताचा आकडा जास्त, तोच हात पुढे कायम वापरा. दोन हातांत दहापेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. यंत्राच्या पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण पुन्हा पुन्हा दिसली तर ईसीजी करून घ्या. हृदयाची लय अनियमित असेल तर आत गुठळी होऊन ती थेट मेंदूत जाऊ शकते.

गोळी सुरू झाल्यावर सगळ्यात जास्त होणारी चूक एकच: आकडा १२५ वर आला, "आता बरं वाटतंय", म्हणून गोळी बंद. आकडा उतरलाय तो गोळीमुळे. २०१९ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली ठेवण्याचं उद्दिष्ट असलेल्या गटात स्मरणशक्तीची सौम्य घट कमी जणांत दिसली. मात्र तुमचं उद्दिष्ट किती, हे वय आणि मूत्रपिंडं बघून डॉक्टर ठरवतील.

मिठाचा हिशेब पिशवीवरून

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा थोडं कमी. पण स्वयंपाक करताना कुणी चमचा सपाट करत बसत नाही. त्यापेक्षा मिठाच्या पिशवीवर ती फोडल्याची तारीख लिहा. चार माणसांच्या घरात एक किलोची पिशवी ५० दिवस पुरली तर माणशी बरोबर ५ ग्रॅम होतात. महिनाभरात संपली तर ८ ग्रॅमच्या वर. यात विकतचं लोणचं, फरसाण, पाव, बिस्किटं, चटण्यांची पाकिटं धरलेली नाहीत, म्हणून पिशवी ५० दिवसांपेक्षा जास्तच पुरायला हवी. पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि त्यातही सोडियम असतंच.

कमी करायचं तर भाकरी-पोळीच्या पिठातलं आणि भाताच्या पाण्यातलं मीठ आधी काढा. भाजी-आमटीशी खाताना ते फारसं जाणवत नाही. ताटात डावीकडचं मीठ वाढणं बंद करा, लिंबू राहू द्या. आमटीतलं मीठ मात्र एकदम अर्ध्यावर आणू नका. घरातले दोन दिवसांत बंड करतात आणि सगळंच फसतं. दर आठवड्याला चिमूटभर कमी केलं की जीभ महिन्या-दोन महिन्यांत सरावते.

दोन सावधगिऱ्या. "सैंधव चांगलं" म्हणून आयोडीन नसलेल्या मिठावर जाऊ नका. पोटातल्या बाळाच्या आणि लहान मुलांच्या मेंदूला आयोडीन लागतंच. आणि "लो सोडियम" मिठात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते वापरू नका. रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं.

चालणं आणि ताकद

आठवड्याला १५० मिनिटं असं चालायचं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. आठवड्यातून दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारा व्यायाम. साठीच्या आसपास स्वतःला तपासायचं असेल तर भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत हात छातीवर बांधून बसा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. ६० ते ६४ वयात बायकांना १२ आणि पुरुषांना १४ वेळा जमलं नाही तर पाय अशक्त आहेत. अशक्त पाय म्हणजे पडणं, आणि पडणं म्हणजे डोक्याला मार.

कान

टीव्हीचा आवाज वाढत चाललाय, मिक्सर चालू असताना बोललेलं कळत नाही, लग्नात चारचौघांत बसून नुसतं हसून मान डोलावली जाते, ही ऐकू कमी येत असल्याची लक्षणं. मेंदूची बरीच शक्ती मग शब्द लावण्यातच जाते आणि माणूस हळूहळू बैठकीतून उठून जातो. आधी कानात मळ आहे का ते डॉक्टरांकडून बघून घ्या, पिन किंवा गरम तेल नको. मग ऑडिओग्राम, म्हणजे किती ऐकू येतं ते मोजणारी तपासणी. श्रवणयंत्र डबीत पडून राहतं ते बहुतेक पहिल्या आठवड्यामुळे: भांड्यांचा, पंख्याचा आवाज अंगावर येतो. म्हणून सुरुवातीला शांत घरात रोज एक-दोन तास, मग दर दोन-तीन दिवसांनी एकेक तास वाढवत दिवसभर. तरीही आवाज टोचत असेल तर यंत्र परत जुळवून घ्यायला जा.

बी-१२

शाकाहारी घरांत आणि वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी घेणाऱ्यांत हे जीवनसत्त्व कमी पडतं. पायाला मुंग्या, तोल जाणं, विसरणं, चिडचिड. रक्ततपासणी साधी असते आणि वेळेत कळलं तर बरंचसं भरून येतं. लोहाच्या किंवा फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आपल्या मनाने घेत राहू नका. फॉलिक ॲसिडने रक्ताचे आकडे सुधारलेले दिसतात आणि नसांची खराबी आत चालूच राहते.

तरुणपणी

मूल हवं असं ठरलं की त्याच महिन्यापासून फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम सुरू करा आणि गर्भाचे १२ आठवडे पूर्ण होईपर्यंत घ्या. बाळाच्या मेंदूची आणि मणक्याची नळी गर्भधारणेपासून २८ दिवसांत मिटते. पाळी चुकली हे कळून डॉक्टरांकडे जाईपर्यंत ते बहुधा होऊन गेलेलं असतं.

दुचाकीवर मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालायचं आणि हनुवटीखालचा पट्टा लावायचा. पट्टा न लावलेलं हेल्मेट डोकं आपटण्याआधीच उडून जातं.

म्हातारपणी

बीपीच्या गोळ्या घेणाऱ्या सत्तरीपुढच्या माणसाचं बीपी उभं राहूनही मोजा. पाच मिनिटं आडवं पडल्यावर एकदा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. शेजारी कुणीतरी उभं असावंच. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. रात्री लघवीला उठताना पडणारी माणसं बरेचदा यातली असतात.

पक्षाघाताची लक्षणं ओळखा. चेहरा एका बाजूला वाकडा, हात उचलला तर खाली पडतो, बोलणं बोबडं किंवा निरर्थक: यातलं एक जरी अचानक दिसलं तर लगेच १०८ ला फोन करा आणि सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयात न्या. माणूस शेवटचा नीट कधी दिसला होता ती वेळ लिहून ठेवा. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांतच देता येतं. घरी ॲस्पिरिन देऊ नका, कारण मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव हे बाहेरून ओळखता येत नाही. पाणीही पाजू नका, गिळता न आल्याने ते फुप्फुसात जातं.

आणि कालपर्यंत ठीक असलेल्या आजी दोन दिवसांत भ्रमिष्टासारख्या बोलू लागल्या, दिवसा ग्लानीत आणि रात्री अस्वस्थ, तर "वय झालं" म्हणू नका. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांनी वाढत जातो, दोन दिवसांत येत नाही. अशा वेळी लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, रक्तातलं कमी झालेलं सोडियम किंवा साखर, तुंबलेलं मूत्राशय, किंवा नुकतीच सुरू झालेली झोपेची अथवा सर्दीची गोळी कारण असू शकते. त्याच दिवशी दवाखान्यात न्या, आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, आयुर्वेदिकसुद्धा, एका पिशवीत भरून बरोबर घ्या.