सायन्सचं कॉमिक बनवताय? या चुका टाळा (मी केलेल्या धरून)

दर महिन्याला कुणीतरी कॉमिक घेऊन येतं, "बघा ना जरा" म्हणतं, आणि पहिल्याच पानावर कळतं की टीचरला दाखवलेलंच नाही, किंवा दाखवलंय पण सगळं रंगवून झाल्यावर. रंगवलेल्या पानात कुठली मॅडम चूक काढणार? "छान आहे हो" म्हणते आणि मोकळी होते. पेन्सिलचं खोडाखोड केलेलं पान न्या, मग ती तुमच्या हातातली पेन्सिलच घेते. मी तर आता मुद्दाम वाकडंतिकडं काढून नेतो.

हे शहाणपण फुकट नाही आलं. सहावीसाठी सावलीवर ८ पानी कॉमिक केलं होतं. हिरो आमच्या इंदूरच्या राजवाड्यासमोर उभा, घड्याळात १२, सावली गायब, वर बबल, "सूर्य बरोब्बर डोक्यावर!" मला घाई, म्हणून मॅडमना थेट छापील प्रत दिली. डिसेंबर होता. त्यांनी पोरांना दुपारी मैदानात नेलं, ३० सेंटीमीटरची पट्टी उभी धरली, तर सावली पट्टीएवढी, उलट किंचित लांबच. मागून एक पोरगं म्हणालं, "मैडम, कॉमिक तो झूठ बोल रहा है." अहो, इंदूर कर्कवृत्ताच्या जरा खाली, त्यामुळे सूर्य खरोखर डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, एकदा जूनमध्ये, एकदा जुलैमध्ये, आणि तेव्हाही बाराला नाही, साडेबाराच्या आसपास, कारण देशभरातलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि आपण बसलोय त्याच्या बरेच पश्चिमेला. मॅडमना हे सगळं ठाऊक होतं, मी विचारलंच नव्हतं. २०० प्रती अजून माळ्यावर पडल्यात. मग त्यांनीच सुचवलं, चुकीचं पान तसंच ठेवा आणि पुढच्या पानावर हिरोला पट्टी घेऊन मैदानात पाठवा. ते व्हर्जन मस्त चाललं.

रंगावर विसंबू नका. हृदयाच्या चित्रात लाल-निळं झकास दिसतं, पण शाळेतली झेरॉक्स काळी-पांढरी, दोन्ही रक्तं एकच राखाडी. वर पोरांना वाटतं रक्त खरंच निळं असतं. मी ऑक्सिजनवाल्याला ठिपके, दुसऱ्याला तिरप्या रेघा काढतो, आणि आधी कोपऱ्यावरच्या दुकानात एक झेरॉक्स मारून बघतो.

बल्बच्या बुडालाच दोन्ही वायर जोडलेलं चित्र तर इतक्यांदा बघितलंय! एक बुडाला, दुसरी धातूच्या कडेला.

पांढऱ्या केसांचे सायंटिस्ट काका काढूनच टाका. बबलमध्ये पुस्तकातला पॅरा कोंबू नका, मी मोठ्याने वाचतो, एका श्वासात नाही संपला की कात्री.

आणि आता नवीन फॅशन, एआयला सांगून दहा मिनिटांत पानं तयार. परवा एकाने आणलेल्या मुंगीला ८ पाय होते. म्हटलं, भिया, हा कोळी झाला. तर म्हणे, "पोरं कुठे मोजत बसतात?" अरे, पोरं आधी पायच मोजतात.